तोच कान, तेच नाव

कुत्र्याला मीच बांधलं होतं. तो कसा गेला हे लोकांना सांगताना मी कायम बिबट्यापासून सुरुवात करायचो. दोरीबद्दल बोलत नसे.

आम्ही नागभीडकडचे, तलावावर जगणारे. मासोळी आणि शिंगाडा, यावरच घर चालायचं. कुत्रा बायकोचा होता. चिमूरजवळच्या माहेराहून तिने तो पिल्लू असताना आणलेला. अंग तांबूस, डावा कान पांढरा. ती डोंग्यात बसून शिंगाडे तोडायला निघाली की हा वेलींमधल्या मोकळ्या पाण्यातून मागे पोहत जायचा. बाहेर आल्यावर अंग झटकायचा ते नेमका माझ्याजवळ येऊन.

त्या वर्षी शिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला निघालो. आदल्या खेपेला तो जीपमागे फाट्यापर्यंत धावत आला होता. सगळे हसले होते आणि मला ओशाळल्यासारखं झालं होतं. म्हणून या वेळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, असलेल्या आमच्या झोपडीत मी त्याला खांबाला बांधलं.

"मोकळा राहू द्या जी," बायको म्हणाली. "बिबट आला तं पळन तरी."

"एका रातीत काऊन येते बिबट? चाल, जीप सुटन."

परत आलो तेव्हा दोरी खांबालाच होती. जाळं विणताना मारतो तसली गाठ मारली होती मी. ओढली की आणखी आवळणारी. ती सुटली नव्हती, दोरी तुटली होती; खाली रक्त आणि बिबट्याचे ठसे होते. बायकोने बोटांनी गाठ उकलली, दोरीची गुंडाळी केली आणि आढ्याला खोचून ठेवली. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

पावसाळ्यात पानठेल्यावर पेपर आला. कोरियातल्या शास्त्रज्ञांनी एका कुत्र्यापासून हुबेहूब तसाच दुसरा कुत्रा तयार केला होता. सोबत दोघांचा फोटो.

"वाचा भाऊ, तुमच्यासाठीच छापलं," पानठेलेवाला म्हणाला. "कानाचा केस पाठवा, कुत्रा पोस्टानं येते."

"कुत्रा कायले?" मागून एकजण बोलला. "बायकोच दुसरी बनवून मागव म्हणा याले. एक तं बोलन याच्यासंग!"

सगळे हसले, मीही हसलो. पण पेपर मागून घरी नेला. ती मासोळ्या साफ करत बसली होती. मी तिला बातमी वाचून दाखवली आणि विचारलं, "आपल्याले जमलं असतं, तं केलं असतं का तू?"

तिने फोटो पाहिला. "त्याले आठवन का," ती म्हणाली, "कोणं बांधलं थे?"

मी पेपरची घडी घातली. पण त्याला आठवणार नाही, याचं मला मनातून बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

कोरियाचं आपल्याला काय जमणार? पण रक्त तर चिमूरकडे होतंच. मी सासरवाडीला गेलो. आमच्या कुत्र्याच्या सख्ख्या भावाचं पोर तिथे मोठं झालं होतं. तसंच तांबूस, डावा कान पांढरा. बोऱ्यात घालून, डोकं बाहेर ठेवून, जीपमधून घरी आणलं आणि जुन्याच नावाने हाक मारायला लागलो. ते वळून पाहत नसे. बायको त्याला भात घालायची, पण हाक मारत नव्हती.

"तोच हाय थो," मी म्हणायचो.

"असन," ती म्हणायची.

शिंगाड्याचा हंगाम आला. ती डोंगा घेऊन आत गेली. कुत्रा पाळीवर शेपूट पायात घालून उभा. पाण्याला भीत होता. मी त्याच नावाने हाका मारल्या, ढकललं, शेवटी उचलला आणि फेकला. पोहणं त्याच्या रक्तात असेल असं मला वाटलं.

जुन्याला मोकळी वाट ठाऊक होती. हा सरळ वेलींत शिरला. पाय मारू लागला तसतशा वेली गळ्याभोवती आवळत गेल्या. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. बायकोने डोंग्यातून उडी घेतली. छातीभर पाण्यात उभी राहून तिने वेली तोडल्या. मी पाळीवर नुसता उभा होतो.

ती त्याला घेऊन वर आली. शिंगाड्याच्या काट्यांनी तिची बोटं फाटली होती. मांडीवर कुत्रा खोकत होता.

"असा कुत्रा कोणं मांगला होता जी तुमाले?" ती म्हणाली. "मी मांगला होता का?"

तिने कुत्रा मागितला नव्हता. काय हवं होतं ते मला शिवरात्रीपासून माहीत होतं. ते द्यावं लागू नये म्हणूनच मी चिमूरपर्यंत गेलो होतो.

मी तिच्यासमोर चिखलात बसलो. कुत्र्याच्या गळ्यात अडकलेली वेल काढायला गेलो, तर तो माझ्या हाताला भिऊन तिच्या पदराखाली शिरला.

"याले तू तुह्या मनानं नाव दे," मी म्हणालो. "थो मेला. मीच त्याले बांधलो. तू नोको म्हणत होती, तरी बांधलो. चुकलो मी. माफ कर मले."