लाटसाहेबांचा खुराक

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईंना किड्यांची भारी किळस. झुरळ दिसलं की आजही त्या स्टुलावर चढतात. आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात, ओट्याखाली, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात हजारो पांढरे किडे सुखानं नांदत होते. बारीक सुताचे तुकडे वळवळावेत तसे.

किडे मुलाचे, म्हणजे मुलाच्या माशाचे. मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, काचेची टाकी आईकडे राहिली. टाकीत एकच मासा होता, वाटाण्याएवढा, पिवळट, अंगभर ठिपके. मुलानं त्याचं नाव लाटसाहेब ठेवलं होतं, कारण समोरचं खाणं जिवंत असेल तरच हा तोंड उघडणार. निघण्यापूर्वी मुलानं सगळं शिकवलं होतं. डब्यातला काथ्याचा भुसा ओलसर ठेवायचा, त्यावर ओट्सचा चिमूटभर चुरा टाकायचा आणि वर काच ठेवायची. किडे खायला वर येतात, काचेला चिकटतात. काच वाटीत धुतली की लाटसाहेबांचं ताट तयार. बाईंनी काच म्हणून दुकानातलं एक बाद झालेलं जाड भिंग आणलं. त्यातून किडे दुप्पट मोठे दिसायचे.

“तुझ्या धन्यापायी काय काय बघावं लागतंय!” त्या माशाला म्हणायच्या. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

मुलाचा फोन यायचा.

“जेवलास का?”

“हो.”

“खोकला गेला?”

“आई, खोकला मागच्या वर्षी होता.”

“आणि झोप? पांघरूण पुरतं ना?”

“आई!”

मग त्याला फोन ठेवायची घाई. पण माशाचा विषय निघाला की पठ्ठ्या खुलायचा. कसा बघतो, काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जातो का, सतरा प्रश्न. बाईंनी ओळखलं होतं, हा मासा आहे तोवर आपलं बोलणं आहे. मासा गेला की ‘बरा आहेस ना’, ‘बरा आहे’ आणि खल्लास.

म्हणून त्या किड्यांना जिवापाड जपायच्या. चिमूटभर चुऱ्यानं कुणाचं पोट भरतं का? त्यांनी चमचाभर घालायला सुरुवात केली. मग संध्याकाळीही चमचाभर. एके दिवशी डबा उघडला तर आंबूस भपकारा आला. चुऱ्यावर राखाडी बुरशी, खाली भुशाचा काळा चिखल, आणि भिंगाला एकही किडा नाही. उकरून उकरून पाहिलं. सगळे मेले होते, तेही खाऊन खाऊन.

लाटसाहेबांना माशांच्या तयार खाण्याच्या गोळ्या टाकून पाहिल्या. त्यांनी एक तोंडात घेतली, थुंकली आणि पाठ फिरवली. पोट खपाटीला जायला लागलं. फोनवर मात्र बाई म्हणाल्या, “मस्त आहे तुझा मासा.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या ओळखीच्या, शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या.

“मावशी, हे किडे विकत नाही मिळत,” दुकानदार म्हणाला. “विरजणासारखं असतं हे, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून न्यायचं. म्हणून तर शहाणा माणूस आधीच चार जणांना वाटून ठेवतो. आपले मेले की तिकडून मागता येतात. तुमच्या लेकानं पुलाखालच्या किल्लीवाल्यांना दिलेत बघा.”

किल्लीवाल्यांचं दुकान कपाटाएवढं. भिंतभर किल्ल्या, आणि कोपऱ्यात मात्र एक लखलखीत टाकी. बाईंनी ओळख सांगून किडे मेल्याचं म्हणताच म्हातारबुवा उठलेच.

“घ्या, घ्या! तुमच्या लेकाचेच आहेत, माहेरी चाललेत म्हणायचं. पण मारलेत कसे?”

“दोन चमचे चुरा घालत होते. एक सकाळी, एक संध्याकाळी.”

“अहो ताई, किडे आहेत ते, जावई नाहीत!”

बाईंनाही हसू आलं. छोट्या डबीत भुसा भरता भरता म्हातारबुवांनी सहज विचारलं, “मग, लागली का त्याला दुसरी नोकरी? मागच्या फोनला मुलाखतीचं काहीतरी म्हणत होता.”

बाईंचा चेहरा पाहून त्यांचा हात थांबला.

“तुम्हाला ठाऊक नाही होय? माझ्या जिभेला हाड म्हणून नाही. ‘काका, आईला सांगू नका, पहिली सुटली हे कळलं तर ती हाय खाईल,’ असं बजावलं होतं त्यानं.”

“तुम्हाला फोन करतो तो?”

“अधूनमधून. किड्यांची चौकशी म्हणून करतो, मग बसतो बोलत.”

“खूप बोलतो?”

“बोलतो की,” किल्लीवाले खाली बघत म्हणाले. “तासतासभर.”

बसमध्ये बाईंनी डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. भाडं कुठून देत असेल? खात काय असेल? डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं होतं. त्यातही एक गोष्ट राहून राहून टोचत होती. किल्लीवाल्याजवळ तासभर, आणि आईजवळ खोकला. त्यात त्याचं चुकलंय असंही म्हणवेना. आपण काळजीनं त्याला इतकं घेरलं, की काळजीची गोष्ट सांगायला त्याला दुसरं दार शोधावं लागलं.

संध्याकाळी फोन वाजला.

“अरे, तुझे किडे मेले माझ्या हातून,” बाईंनी सांगून टाकलं. “फार खायला घातलं.”

तो मोठ्यानं हसला. “मला वाटलंच होतं! मग आता?”

“किल्लीवाल्या काकांकडून आणले.”

पलीकडचं हसू थांबलं.

“काय म्हणाले काका?” त्यानं अगदी जपून विचारलं.

सगळे प्रश्न बाईंच्या ओठांशी येऊन ठेपले.

“काही नाही रे. दुकानात गिऱ्हाईक होतं, घाईत होते.”

त्यानं सोडलेला श्वास इकडे स्पष्ट ऐकू आला. “बरं. खाल्लं का मग साहेबांनी?”

“खाल्लं तर! आधी नुसता टक लावून बघत राहिला,” बाई सांगू लागल्या, “आणि मग जी झडप घातली!” तो विचारत गेला, त्या सांगत गेल्या. सांगण्यासारखं संपलं तेव्हा माशानं केल्याच नव्हत्या अशा दोन-चार खोड्याही त्यांनी जोडून दिल्या, तेवढाच फोन आणखी थोडा चालेल म्हणून.