तोंडी मत

लेकीच्या शाळेत त्या वर्षी इतिहासाचा एक तास पालकांसमोर झाला. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा एखाद्या राज्यात लोकप्रतिनिधी कसा निवडत, ते मुलं करून दाखवणार होती. मतपत्रिका नाही. मतदाराने सगळ्यांदेखत उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. मत तिथे फक्त जमीन असलेल्या पुरुषांना होतं, म्हणून आमची सातवीतली लेक जमीनदार झाली होती.

दोन उमेदवारांपैकी एक माझ्या नवऱ्याच्या साहेबांचा मुलगा होता, दुसरी वर्गातलीच एक मुलगी.

नवरा इथे आखातात स्टेडियमच्या साइटवर इंजिनिअर. वर्ल्ड कप जवळ येत होता, काम संपत आलं होतं, आणि आमच्या बिल्डिंगमधली ओळखीची माणसं एकेक करून देशी परतायला सामान बांधत होती. कोणाला कामावर ठेवायचं, ते साहेबांच्या हातात होतं. लेकीच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील त्यांच्याच हाताखाली होते.

आदल्या दिवशी जेवताना नवरा लेकीला म्हणाला, "उद्या त्याचंच नाव घे."

"बट बाबा, ती मुलगी बेटर आहे. त्याने तर प्रिपेअरपण नाही केलं."

"खेळ आहे गं तो."

"खेळच आहे तर ठरवू दे ना तिला," मी म्हटलं.

"तुला बोलायला काय जातंय? साहेब समोर बसणार आहेत. त्यांना रोज तोंड मला दाखवायचंय."

लेक ताट उचलून आत गेली.

हॉलमध्ये साहेब खरंच पहिल्या रांगेत होते. मुलं उठत होती, नावं घेत होती. लेकीची पाळी आली. तिने आमच्याकडे पाहिलं, मग खाली. शिक्षिकेने पुन्हा विचारलं. नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं. बोटं रुतत होती. लेकीने त्या मुलीचं नाव घेतलं. आवाज फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. साहेब मागे वळले आणि त्यांची नजर आमच्यावर थांबली.

जिंकला त्यांचाच मुलगा. अबू हमूरला घरी पोचताच लेक सरळ आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. मी घरी फोन हातात घेऊन बसले होते. संध्याकाळी तो आला आणि सेफ्टी शूज न काढताच दारात उभा राहिला.

"विचारलं त्यांनी, बेटी को बोला था क्या, मेरे लड़के को वोट दे?"

"मग?"

"हो म्हणालो. खोटं बोलायला सुचलंच नाही." तो वाकून बुटांच्या लेस सोडू लागला. "पोरगा रात्रभर रडला म्हणे त्यांचा. सगळ्यांनी बापाच्या भीतीने आपल्याला मत दिलं, म्हणाला. मग साहेब मला म्हणाले, एक तुम्हारी बेटी ने सच बोला. जाओ, काम करो."

त्याला स्टेडियमच्या उद्घाटनापर्यंत ठेवलं. पुढे काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. पण त्या संध्याकाळी तो लेकीच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आत काय बोलणं झालं, ते मी दोघांनाही विचारलं नाही.