विमानाच्या पंखावरचा पत्रा

विमानाचा एक पंख उचलायला सहा माणसं लागली म्हणे. भद्रावतीच्या शाळेतला शिपाई मला कौतुकानं सांगत होता. लग्नाआधी तोच पंख मी आणि अब्बा दोघं मिळून उचलत होतो.

आम्ही गाद्या-रजया शिवणारे. चौथी झाली आणि माझ्या हातात सुई आली. चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर दोनच माणसं बसतील एवढं लहान, जुनं विमान होतं; त्याच्या पंखांवर कापड शिवायचं काम अब्बांना मिळालं. पंख म्हणजे लाकडाच्या पातळ फासळ्या आणि त्यावर कापड. गादीत घालतो तसा लांब सुवा वरून खाली आरपार घालायचा आणि दोरा प्रत्येक फासळीला गाठ मारून बांधायचा. आत कापूस नाही, नुसती हवा. बाकी काम आमचंच.

चूकही आमचीच झाली. गादीचं कापड ताणून शिवायची सवय, तसंच शिवलं. विमानाच्या मिस्त्रीनं वरून उग्र वासाचा लेप लावला. तो वाळताना कापड आणखी आवळलं आणि फासळ्या वाकल्या. अब्बांनी सगळं उसवलं. दुसऱ्यांदा कापड जरा सैल ठेवलं, तर लेपानं ते ढोलकीसारखं ताठ झालं. टिचकी मारली की वाजायचं. असं हलकं होतं, म्हणून लहानशा इंजिनाला ते उडवता यायचं. बनवणाऱ्याची सारी अक्कल त्यातच होती.

गेल्या वर्षी ते विमान शाळेच्या अंगणात ठेवलं आणि त्याचे पंख शिवणारी म्हणून माझा सत्कार ठरवला. जाऊन पाहते तर पंखांवर पत्रा ठोकलेला.

"कापड कुठी गेलं?"

"फाटलं होतं, खाला. पावसात टिकलंही नसतं," हेडमास्तर म्हणाले. "आता हे थोडंच उडणार आहे?"

"मंग पोराइले काय दाखवून राह्यले? मालगाडीचा डबा?"

शिपाई हसला. हेडमास्तरांनी शाल पुढे केली. मी घेतली नाही.

"एक पंख व्हरांड्यात घ्या. पत्रा काढा. मी शिवीन."

"बघू, खाला."

असलं 'बघू' मी आयुष्यभर ऐकलं आहे. शिपायाकडून पक्कड मागून घेतली आणि तिथंच खिळे उपसायला लागले. चार निघाले, पाचवा निघेना. तेव्हा शिपायानंच पक्कड घेतली आणि पत्र्याचा कोपरा उचलला.

खाली दिसली ती प्रत्येक फासळी खिळ्यानं उभी चिरली होती. दोरा बांधायला धड लाकूडच ठेवलं नव्हतं.

"आधी सुतार बोलवा," मी म्हणाले. "शाल मंग पाहू."