सिस्टर पालथ्या झोपल्या तो दिवस

अकरावीपर्यंत मला बँकेत नोकरी करायची होती. पंख्याखाली बसायचं, संध्याकाळी घरी यायचं. दवाखान्याचा वाससुद्धा मला सहन व्हायचा नाही.

कोरोनाची दुसरी लाट आमच्या नेकनूरला आली आणि आई आजारी पडली. तपासणीत आईबरोबर मीही पॉझिटिव्ह निघाले. मला नुसता ताप होता. आईला मात्र चार पावलं चाललं तरी धाप लागायची. बीडमधल्या एका वसतिगृहात कोविड सेंटर उभं केलं होतं. तिथं बायकांच्या खोलीत आम्हा मायलेकींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. वडिलांना आत यायला परवानगी नव्हती. ते फाटकाबाहेर लिंबाखाली उभे राहून फोन करायचे.

आमच्या खोलीला एक सिस्टर होत्या. पांढऱ्या किटमध्ये त्यांचे फक्त डोळे दिसायचे, तेही घामेजलेल्या चष्म्याआड. बोलण्यावरून आमच्याच भागातल्या वाटायच्या.

आईच्या रक्तातला ऑक्सिजन उतरत चालला होता. तपासून गेलेल्या डॉक्टरांनी तिला पालथं झोपवायला सांगितलं. आई ऐकेना. ऑक्सिजनचा मास्कही ओढून काढायची.

"माझा जीव घुसमटतोय. पालथी झोपले तर मरंन मी," ती म्हणाली.

"न्हाई मरत काकू. श्वास मोकळा होतोय त्यानं."

"तुमाला काय सांगायला जातंय!"

सिस्टर हातातली वही ठेवून वळल्या. मग समोरच्या रिकाम्या खाटेवर, तशाच किट घालून, पालथ्या झोपल्या. छातीखाली उशी घेतली, मान एका अंगाला वळवली आणि तिथूनच म्हणाल्या, "बगा काकू, मीबी झोपले. आता तुमी झोपा. कोण आधी उठतंय बगू."

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. त्या खोलीत मी ऐकलेलं ते पहिलं हसू. आईही मास्कच्या आत हसली आणि कुशीवरून हळूच पालथी झाली. थोड्या वेळानं बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा चढायला लागला, तेव्हा सिस्टरांनी तो आधी आईला दाखवला, मग मला.

त्यानंतर मी त्यांच्या मागंच लागले. हे काय, ते कशाला, असं विचारत राहायचे. त्या कंटाळल्या नाहीत. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करायचं, नखाला रंग असेल तर दुसरं बोट बघायचं, हे त्यांनीच मला शिकवलं.

कोपऱ्यातल्या खाटेवर पाली गावच्या एक आजी होत्या. कुणीही जवळ आलं की, माझ्या म्हशीला पाणी कोण दावत असंल, म्हणून विचारायच्या. एका दुपारी त्या गेल्या. डॉक्टर, सिस्टर सगळ्यांनी खूप धडपड केली. सगळं संपल्यावर सिस्टरांनी आजींचे विस्कटलेले केस मागं सारले, पदर नीट केला.  मग हातमोजे बदलले आणि आमच्याकडं आल्या.

"काकू, जेवलात का?"

आवाज थोडा बसला होता, बाकी नेहमीसारखाच. मला रडू फुटलं. आपल्याला हेच काम करायचं आहे, असं मला त्याच घडीला वाटलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आई बरी होऊन घरी आली. बारावी झाल्यावर वर्गातल्या बऱ्याच जणी डॉक्टर व्हायचं म्हणू लागल्या. त्या वर्षांनी सगळ्यांनाच काही ना काही दाखवलं होतं. माझे मार्क चांगले होते, म्हणून वडीलही खूश होते. मी नर्सिंगचं नाव काढलं, तेव्हा चुलते चिडले.

"एवढे मार्क पडून नर्स कावून? लोक काय म्हणतील?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आई बोलली. दिरासमोर ती एरवी फारसं बोलत नसे. "डॉक्टरांचे उपकार हायेतच, भावजी. पण दिवसभर माझ्या उशाला ती पोरगी होती. माझी लेक तिच्यावानी झाली तर मला लई हाय."

वडिलांनी नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख विचारली. विषय तिथंच मिटला.

आता मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका ओळखीतून त्या सिस्टरांचा नंबर मिळाला. सेंटर बंद झाल्यावर त्यांचं तिथलं काम संपलं होतं; सध्या त्या कडा गावी एका खासगी दवाखान्यात आहेत. मी फोन लावला आणि आईची सगळी हकिकत सांगितली.

"लई पेशंट होते गं," त्या संकोचून म्हणाल्या. "खरं सांगते, न्हाई आठवत. पण काकू बऱ्या हायेत ना?"

मला वाईट वाटलं नाही. उलट, किती जणांसाठी त्या तशा झोपल्या असतील, या विचारानं ऊर भरून आला. मी नर्सिंग करते म्हटल्यावर त्यांचा आवाजच खुलला. म्हाताऱ्या माणसांची शीर मला अजून पटकन सापडत नाही, अशी तक्रार मी केली. त्यांचा हात खाली लोंबता ठेव, घाई करू नको, पेशंटशी बोलत राहा, असं त्या सांगत होत्या, तेवढ्यात तिकडं कुणीतरी त्यांना हाक मारली.

"थांब, पेशंट आलाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.