घरामागं एक माणूस

"कागद दाखवा जी," असं म्हणून तो उजवा हात माझ्यापुढे पसरायचा. डावा हात गळ्यातल्या डफड्यावर. कागद हातात पडल्याशिवाय त्या डफड्यावर काडी पडायची नाही, मग सांगणारा मी असो की खुद्द तहसीलदार असो.

तो आमच्या गावचा कोतवाल. आजच्या मंडळींना कोतवाल म्हटलं की पोलीस आठवतो, म्हणून सांगतो. आमचा कोतवाल म्हणजे तलाठ्याचं दप्तर उचलणारा, लोकांना चावडीवर बोलावून आणणारा आणि गावात दवंडी देणारा माणूस. मी तलाठी, गावाच्या तोंडी पटवारी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आंधळगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावात माझी बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात आमची जुंपली.

मी म्हटलं, "अहो कोतवाल, मी सांगतोय ना? उद्या शेतसारा भरायला या, एवढंच तर सांगायचं आहे."

"तुमी सांगता जी. पन तुमाले कोणं सांगतलं?"

मुकाट्यानं कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला. मग कळलं की या गड्याला वाचताच येत नाही. मी वाचून दाखवलं ते त्यानं मान खाली घालून ऐकलं, कागदाची घडी टोपीत ठेवली आणि सरळ शाळेत जाऊन मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतला. दोन्ही वाचनं जुळली तेव्हा कुठे स्वारी दवंडीला निघाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि दवंडी तरी कशी? कागदात असेल तेवढंच, पण असेल ते सगळं. "उक्त गावच्या तमाम रहिवाशांस याद्वारे कळविण्यात येते की" इथपासून "सही अस्पष्ट" इथपर्यंत. एकदा त्यानं "प्रत माहितीसाठी सविनय सादर" हेही चार आळ्यांत ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी चावडीवर आली आणि प्रत कधी वाटणार म्हणून हटून बसली.

गुरांना लस टोचायची होती तेव्हा तर कहर झाला. वरून आलेल्या कागदात दिवस होता, ठिकाण नव्हतं. मी तोंडी सांगितलं, शाळेचं पटांगण म्हणा. यानं फक्त दिवस सांगितला. अर्ध्या गावानं बैल चावडीपुढे आणून बांधले, अर्ध्यानं म्हशी तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, नेल्या, आणि जनावरांचे डॉक्टर शाळेत एकटेच सुई घेऊन बसले. मी त्याला सगळ्यांदेखत झाडलं. "एक शब्द जास्त बोलला असता तर काय जीभ झडली असती?"

तो म्हणाला, "झडली असती तं बरं झालं असतं जी."

मी तो उद्धटपणा समजलो.

तुम्ही म्हणाल, पटवारी फार संशयी दिसतो. आहेच. सातबाऱ्यावरच्या खाडाखोडी तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो दुसरं काय होणार? मला वाटायचं, हा माझे सह्या केलेले कागद टोपीत साठवतोय, एक दिवस मलाच गोत्यात आणेल. शेवटी मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तो पयले असा नव्हता. साहेबाच्या दवंडीपासून असा झाला."

साहेब म्हणजे त्या भागाचे पुढारी, एके काळचे मंत्री. नाव सांगत नाही, उगाच नवं भांडण कशाला. गावाला जोडणारा रस्ता त्यांनी आणला, तलावाचं दार त्यांनी दुरुस्त करवलं. पण बांगलादेशच्या लढाईच्या वेळी त्यांनी एक निर्णय घेतला होता. सरहद्दीवर रस्ते बांधायला आपल्या भागातून मजुरांच्या तुकड्या पाठवायच्या. आमच्या गावातून अकरा जण वरठीच्या स्टेशनावर जाऊन गाडीत बसले. दहा परत आले. अकरावा, तलावात मासे धरणाऱ्या एका विधवा बाईचा एकुलता एक पोरगा, डोंगराची दरड कोसळली त्यात गेला. माती द्यायलाही काही आलं नाही.

तेव्हापासून गावात दोन तट. टपरीवर चहा आला की वाद सुरू. एक बाजू म्हणायची, देशावर वेळ आली होती, साहेबानं पाठ नाही दाखवली. दुसरी म्हणायची, "कसली पाठ अन् कसलं काय? सोताचं पोरगं नागपुराले कॉलेजात अन् आमचे पोरं बिगारीले. घरामागं एक माणूस असा हुकूमच काढला होता ना?" हुकमाचा पुरावा म्हणजे दवंडी. ती सगळ्या गावानं आपल्या कानांनी ऐकली होती. घरामागं एक माणूस, शनिवारी वरठीला. बऱ्याच घरांनी सबबी सांगून अंग चोरलं, ज्यांना ते जमलं नाही ते अकरा गेले. ज्या घरात माणूसच एक, त्या घरानं काय करावं? त्या बाईच्या घरातून तो एकच गेला.

साहेबांनी पुढे एका सभेत सांगितलं होतं, मी कोणावर जबरदस्ती केली नाही. लोक हसले. पुढारी कधी कबूल करतो काय?

या वादात कोतवाल टपरीच्या कडेला उकिडवा बसून असायचा. बोलायचा एकच. "साहेब बोलला तवा तुमी होते का तिथं?"

कोणीच नव्हतं. साहेबांची जीप तलावाच्या पाळीवर थांबली होती, त्यांनी कोतवालाला हाक मारून काय ते सांगितलं आणि जीप पुढच्या गावाला गेली. कोणी उलटून म्हणायचं, "आमी नव्हतो, पन तू होता ना बे?" की हा अर्धा चहा तसाच टाकून उठायचा. ते मी दोनचारदा पाहिलं आणि मनात पक्कं केलं की यात काहीतरी काळंबेरं आहे. याला साहेबांनी नक्की काहीतरी चारलं असणार.

ऐंशीनंतर साहेब वारले. नव्या हायस्कुलाला त्यांचं नाव द्यायचं असा ठराव त्यांच्या माणसांनी ग्रामसभेत आणला. चावडीपुढे ही गर्दी. बायकासुद्धा एका बाजूला येऊन बसल्या होत्या, त्यांत ती पोरगा गमावलेली बाईही होती. बोलणं वाढत वाढत बाह्या सरसावण्यापर्यंत गेलं. उपसरपंच ओरडला, "ज्यानं घरामागं एक माणूस मागतला, त्याचं नाव रोज आमच्या पोरांनी वाचावं काय?"

कोतवाल उठून उभा राहिला. गळ्यात डफडं नाही, हातात कागद नाही. त्याला कागदाशिवाय बोलताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"साहेब तसं मनला नाही," तो म्हणाला. "साहेब मनला, ज्याले यायचं असन त्यानं शनिवारी वरठीले यावं. एवढंच. घरामागं एक माणूस, हे माहं हाय."

कोणाला काही कळेना. तो थांबला नाही.

"दरसाल पाळीवर माती टाकाची दवंडी मीच देत होतो. घरामागं एक माणूस, कुदळ-टोपलं घेऊन या. वीस वर्सं तेच तोंडात बसलं होतं. माणसं पायजे मनलं का ते आपोआप निंगे. तसंच निंगून गेलं. दुसऱ्या आळीत आलो तवा ध्यानात आलं. पन एका आळीत एक अन् दुसऱ्या आळीत दुसरं कसं सांगाचं? लोक मनतीन, कोतवाल पिऊन आला. मनून तेच सांगत गेलो, चारी आळ्यांत."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "कागद दाखव, कोतवाल."

आणि सगळे हसले. साहेबांची माणसंसुद्धा हसली, ज्यांच्या बाजूनं तो बोलला होता. मग एकेकाला कंठ फुटला. इतकी वर्सं काहून नाही बोलला? साहेब मेला अन् याले बरं आठवलं. साहेबाच्या लोकांनी पोराले हायस्कुलात चपराशी लावून देतो मनलं असन. त्याच्या पोरानं त्या जागेसाठी अर्ज केला होता हे खरं. आणि खोटं कशाला बोलू, मीही मान डोलवली. माझ्या डोक्यात सगळा हिशेब चोख जुळला होता.

तो मात्र कोणाकडे बघत नव्हता. तो त्या बाईकडे बघत होता. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि काही न बोलता निघून गेली. "पाहा," उपसरपंच म्हणाला, "तिलेबी पटलं नाही." ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्याकडे आला. "पटवारीसाहेब, काल बोललो ते लिवून घ्या. माह्या नावानं. अंगठा देतो. कागदावर आलं का लोक मानतीन."

मी म्हटलं, "ही ग्रामपंचायतीची बाब आहे. महसूल खात्याचा यात संबंध नाही."

"संबंध नसन जी. पन लिवता तं तुमाले येते ना?"

"उद्या मला चौकशीला तोंड द्यावं लागेल. जा तुम्ही."

तो गेला. मला आजही त्याची लाज वाटते. जो माणूस इतकी वर्षं माझ्याकडे फक्त माझ्या कामाचे कागद मागत आला, त्यानं आयुष्यात एकदाच स्वतःसाठी एक मागितला, आणि मी दौतीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. संशय आणि भीती यांतलं कोणतं जास्त होतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

पुढे माझी बदली बपेऱ्याकडे झाली. एकदा तुमसरच्या बाजारात मास्तर भेटले. बोलता बोलता म्हणाले, कोतवालाच्या पोराचा अर्ज होता ना, तो कोतवालानं सभेच्या आठ दिवस आधीच मागं घ्यायला लावला होता. पोरगा बापाशी बोलत नाही तेव्हापासून. म्हणजे गडी सगळं निस्तरून, हात रिकामे करून मगच बोलायला उभा राहिला होता. आणि आम्ही काय केलं? हसलो.

जाऊन भेटीन म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. मग मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. कोतवाल गेला, अमुक दिवशी तेरवी.

मी पोचलो तेव्हा अंगणात पंगत बसली होती. गावानं जेवायला काही कमी केलं नव्हतं. तिथे कोणाचा संशय आड येत नाही. कुंपणाजवळ ती बाई एकटी बसली होती. आता चांगलीच म्हातारी झाली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "माय, तो त्या दिवशी खरं बोलला होता. मला उशिरा कळलं."

"मले पयलेपासून ठाऊक हाय, पटवारीभाऊ."

"ते कसं?" मी विचारलं.

"साहेबाची जीप पाळीवर थांबली तवा आमी दोघं मायलेक खाली पान्यात जाळं धुवत होतो. कोतवालाले दिसलो नाही. साहेब बोलला ते समदं आयकलं. ज्याले यायचं असन त्यानं यावं." मग ती म्हणाली, "सांजेले दवंडी झाली. पोरगं घरी येऊन मनते, माय, हुकूम हाय, घरामागं एक, आता जा लागते. त्यानं खरं आयकलं होतं, मीबी आयकलं होतं. त्याले जाचंच होतं, भाऊ. चिखल, मासे, मी, समद्याचा कंटाळा आला होता त्याले. मी मनलं, हुकूम हाय तं जा बापा."

"मग कोतवालाला हे का नाही सांगितलंत? एका शब्दानं सुटला असता तो. सभेत तुमच्याकडेच बघत होता."

"सुटला असता ना. साहेबबी सुटला असता." ती पंगतीकडे बघत बोलत होती. "ते दोघंबी सुटले असते, तं माह्याजवळ काय उरलं असतं? माहं पोरगं मले सोडून आपल्या मनानं गेलं, एवढंच ना? मले ते झेपलं नसतं. मनून मी कोतवालाले अडकवून ठेवलं."

पंगत उठली. बायका पत्रावळी गोळा करू लागल्या. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, पदर सावरला आणि घरात गेली. कोतवालाची बायको आत भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशेजारी ती बसली आणि हळू आवाजात काही सांगू लागली. मला ऐकू आलं नाही. बराच वेळ नुसतं तिचंच बोलणं चाललं होतं. मग कोतवालाची बायको मोठ्यानं रडायला लागली. बाहेरचे लोक म्हणाले, बरं झालं, तेरा दिवस बिचारी रडलीच नव्हती.