डागावरची गाणी

घणसोलीपासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात जुळलेलं कुठलंही लग्न मोडण्याची ताकद एका बाईच्या जिभेत आहे, आणि ती बाई माझी चुलतसासू आहे. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत इतरांच्या बातम्या तपासतो. अतिशयोक्ती दिसली की काढून टाकणं हे माझं कामच आहे. वरचं वाक्य तपासलं आणि तसंच राहू दिलं.

माझी सासुरवाडी तळवलीची. शेती गेली, त्या जागी चार मजली इमारत आली. तळाला दुकानं, वर भाडेकरू आणि मधल्या मजल्यावर चुलतसासूबाई, त्यांचा मुलगा, सून आणि नात. बाईंची आई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी जिच्या गाण्यांवर पुढे सरकतात ती धवलारीण, आणि तिची गाणी म्हणजे धवले. आईची गाणी बाईंना तोंडपाठ होती, पण त्यांना त्यात रस नव्हता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषधांच्या कारखान्यात त्या पाकिटं भरायच्या. दिवसभर पट्ट्यावरून एकसारखी पाकिटं यायची. ऐन चाळिशीत एके दिवशी हात चालू असताना त्यांनी सुपरवायझरच्या शर्टाच्या खिशातून गळणाऱ्या पेनावर दोन ओळी रचल्या. सगळी रांग हसली आणि पाकिटं खाली सांडली. त्यांना मेमो मिळाला. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा जन्म त्या दिवशीचा. "सगली पाकिटं सेम, जावायबापू," त्या मला सांगतात. "मानसानं तरी कायतरी येगलं नको करायला?"

तेव्हापासून त्यांचे नियम ठरलेले आहेत. हात रिकामे असले तर त्यांना एकही ओळ सुचत नाही. कोळंबी सोलायला हवी, नाहीतर खोबरं किसायला. घरचं काम संपलं की त्या वरच्या भाडेकरणीचे वाटाणे सोलायला मागून आणतात. सुनेला सासूचा मूड विचारावा लागत नाही. फ्रीजमध्ये सोललेली कोळंबी किती आहे ते पाहिलं की कळतं. एकदा गायलेलं त्या पुन्हा गात नाहीत. कुणी आग्रह केला तर "ते शिलं झालं, पोट बिगरंल" म्हणतात. आणि रचतात ते फक्त डागावर. डाग म्हणजे कपड्यावरचा, खराखुरा. भाजीवाल्याच्या बनियनवरचा हिरवा, रिक्षावाल्याच्या पाठीवरचा ग्रीसचा, मीठ बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या टायवरचा चटणीचा. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात हे गाणं आता कंपाउंडरही म्हणतो. कुणी दारातून आत आलं की बाई आधी चेहरा पाहत नाहीत. गळ्यापासून पावलापर्यंत एकदा नजर फिरवतात, आणि त्या नजरेखाली घरातली मोठी माणसंही शर्ट झटकतात.

यावर्षी नातीचा साखरपुडा झाला. मुलाकडचे करंजाड्याचे, चांगली मोठी माणसं. नवऱ्या मुलाचे वडील उशिरा आले आणि उकाड्यात मंडपाच्या कडेला बसले. त्यांनी केसांना ताजा कलप लावला होता. घामाबरोबर तो उतरू लागला. मी बाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या, म्हणजे हात चालू होते. मी उठेपर्यंत उशीर झाला.

"व्याही बसलं मांडवान, घाम आला भाली गो,
डोईचं तारुन्य त्यांचं कॉलरीवर आलं खाली गो."

बायका हसल्या. व्याही हसले नाहीत. जेवण न करता पाहुणे गाड्यांमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की लग्न होईल, पण हळदीला ती म्हातारी असं काही गायली तर आमची गाडी तिथूनच परत वळेल.

बाईंच्या मुलाने आईला गायला बंदी केली. बाई वाद घालतील अशी सगळ्यांची तयारी होती. त्यांनी "बरं" म्हटलं. खरी भीती तिथून सुरू झाली. बाई टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसू लागल्या. आमटी अळणी झाली तरी बोलेनात. मी मुद्दाम बाहीवर चहा सांडून गेलो, तर त्यांनी "बसा" एवढंच म्हटलं. कोळंबी सून सोलू लागली. डॉक्टर घरी येऊन गेले. रक्तदाब अगदी व्यवस्थित आहे, म्हणाले, आणि काळजीत पडले. शेवटी नातीनेच तोडगा काढला. "आजी गायली नाय, तर मी हळद लावून घेणार नाय. पप्पा, मग बसा तुमी डीजे लावून."

इकडे नात हट्टाला पेटलेली, तिकडे करंजाडे धमकी देऊन बसलेलं. बाईंचा मुलगा माझ्याकडे आला.

"भावोजी, तुमी पेपरवाले. तुमी आधी ऐका, चेक करा. पास असेल तेवढंच आई गाईल. आणि एक काम करा, नावं सगळी काढा. नाव नाय तर टेन्शन नाय."

मला ते पटलं. कचेरीत आम्ही तेच करतो. मी स्वयंपाकघरात बसलो. बाई खोबरं किसत एकेक ओळ म्हणायच्या आणि मी नाही म्हणायचो. व्याही गेले, विहीण गेली, करंजाडे गेलं, डाग तर पहिल्या फेरीतच गेले. उरलं ते असं: हलद दलली जात्यावर, सोन्याचा गो रंग, नवरी शोभं मांडवान, सगेसोयरे संग.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. कुणालाच लागणार नाही."

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि किसणी धुवायला उठल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी इन्व्हर्टरखाली ठेवलेलं जातं बाहेर काढून मंडपात आणलं. दुपारी करंजाड्याहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. पुढे विहीणबाई, हातात पितळी वाटी. व्याही मागे उभे राहिले, शर्ट पांढराशुभ्र आणि केसही. बाईंचा मुलगा डीजेवाल्याच्या शेजारी उभा होता. आईने वाकडा शब्द काढला तर आवाज वाढवायचा, असं त्यांचं ठरलं होतं. बाईंनी जात्याचा खुंटा धरला आणि पास केलेलं गाणं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मंडपात कुणीच हललं नाही. गाणं संपलं आणि मुलाने कपाळ पुसलं.

विहीणबाई वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या.

"झाला धवला?"

"झाला," मुलगा घाईने म्हणाला. "या ना, बसा."

"माझं नाव कुठं हाय त्यात?" त्यांचा आवाज चढला. "व्याह्यांचं तर साखरपुड्यात घेतलंत, गावभर झालं. मी नवऱ्याची आई. हळद घेऊन दारात आली, आनी धवल्यात माझं नाव नाय? आमी काय वाटेवरच्या?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. नातीनेही पाहिलं. धवल्यात नाव येणं हा पाहुण्याचा मान आहे आणि न येणं हा अपमान, हे त्या मंडपात लहान मुलांनासुद्धा माहीत होतं. मुलालाही माहीत होतं. साखरपुड्याच्या धसक्याने तो विसरला होता, आणि मी तर मुळात साताऱ्याकडचा. विहीणबाईंनी वाटी मागच्या बाईच्या हातात दिली आणि व्याह्यांना म्हणाल्या, "गाडी काढा."

बाई जात्यावरून उठल्या नाहीत. त्यांनी विहीणबाईंकडे गळ्यापासून पावलापर्यंत एकदा पाहिलं. नजर निऱ्यांवर थांबली. मोतिया रंगाच्या भारी साडीवर, मांडीच्या जागी, तळहाताएवढा पिवळा डाग होता. मीही तो तेव्हाच पाहिला. मुलाचा हात डीजेवाल्याच्या खांद्यावर गेला. बाईंनी खुंटा पुन्हा धरला आणि जातं फिरवलं.

"करंजाड्याची विहीन आली, हलद घेऊन मांडीवर,
रस्ता सारा खड्ड्यांचा गो, डाग परला साडीवर."

विहीणबाईंचा हात साडीकडे गेला.

"साडीची नाय केली फिकीर, वाटी भरली आनली गो,
त्याच मांडीवर नात माझी आज मीच बसवली गो."

विहीणबाई डागाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वाटी परत मागून घेतली आणि जात्याजवळ येऊन खाली बसल्या. "ड्रायव्हरला बोलली मी, हलू चालव रे मेल्या," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "परत बोला ना, विहीनबाय. ते शेवटचं."

"ते शिलं झालं," चुलतसासूबाई म्हणाल्या. "दुसरं देते."

लग्न झालं. नात करंजाड्याला गेली. दुपारी ती फोनवर आजीला घरातल्या डागांची बातमी देते, कुणाच्या बाहीवर काय सांडलं ते, आणि आजी इकडे कोळंबी सोलता सोलता ओळी जुळवते. फ्रीज भरलेला असतो. जेवताना मिठाची तक्रार असते आणि सून ती आनंदाने ऐकून घेते. फोन ठेवल्यावर मात्र बाई थोडा वेळ पाटावर तशाच बसून राहतात. हातात कोळंबी असते, पण हात चालत नाहीत.

अशाच एका दुपारी मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं या घरचा जावई आहे, माझ्यावर एकही ओळ का नाही? त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टावरून नजर फिरवली. "तुमच्यावर डाग नसतंय, जावायबापू. कुठं धरू तुमाला?"

पुढच्या रविवारी मी खिशापाशी थोडी आमटी सांडून गेलो. दारातच त्यांनी पाहिलं, जवळ येऊन बोट लावलं आणि मान हलवली.

"यो मुद्दाम पारलाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यात नारळाची अर्धी वाटी आणि किसणी ठेवली. "बसा. हात चालू द्या. बगू काय सुचतंय."