राजासाठी वाढलेली ताटली

माझा मामा न्हावी. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून तो धर्म सांगायचा, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही. "सगळे राजे आले नि गेले," फेस लावता लावता तो म्हणे, "ख्रिस्तराजाच्या राज्याला मात्र शेवट नाही." नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की त्याच्या उत्साहाला ऊत यायचा. रोज संध्याकाळी जेवणाआधी मेणबत्ती लावून तो मामीला म्हणायचा, "राजा येतोय गं." मामी म्हणायची, "येऊ दे. तुम्ही आधी हात धुवा."

पुढे मामीला विसरायला होऊ लागलं. आधी किल्ल्या, मग शेजारणी, मग मी. मला ती मीटर बघायला आलेला माणूस समजते आणि पायपुसणं दाखवते. मामाला तेवढं ओळखते.

यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मामाने सवयीने मेणबत्ती लावली आणि सवयीनेच म्हणाला, "राजा येतोय गं." मामीने हातातला घास खाली ठेवला. उठून कपाटातली चांगली ताटली काढली, तिसरी खुर्ची पदराने पुसली, ताटलीत वाढलं आणि हात जोडून बसून राहिली.

"अगं, जेव ना," मामा म्हणाला.

"राजा यायचाय आणि आपण आधी जेवायचं? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

त्या दिवसापासून तिने अन्न सोडलं. औषधाबरोबर घोटभर दूध घ्यायची, तेवढंच. मामाने समजावलं, डाफरला, शेवटी अक्षरशः पाया पडला. चमचा जवळ नेला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, असं चाललं तर नाताळ काही दिसायचा नाही.

"सांगून टाक तिला, कुणी येत नाहीये म्हणून," मी म्हणालो.

"ते माझ्या तोंडून निघायचं नाही," मामा म्हणाला. "मग माझ्याजवळ उरलं काय?"

तो फादरांकडे गेला. फादर म्हणाले, राजा सनातन आहे, तो आजही राज्य करतोच आहे, हे तिला समजवा. बोलणं खरं असेल, पण उपाशी बाईला त्याचं काय? मला फादरांचा राग आला आणि राजाचाही. एवढं न संपणारं राज्य आहे, तर एकदा जेवायला यायला काय झालं होतं?

एका दुपारी मामीला खुर्चीतच डुलकी लागली. मी दारात चपला काढत होतो. मामाने राजासाठी रोज वाढून ठेवलेली ती चांगली ताटली पुढे ओढली आणि भराभर खाऊ लागला. वाटीतलं सूप प्यायला, पाव खाल्ला, बटाट्याची सालं कडेला ठेवली, रुमाल चुरगळला. मग त्याने मामीला हलवलं.

"राजा येऊन गेला गं. पोटभर जेवला. आता तू खा."

मामी उष्ट्या ताटलीकडे बघत राहिली. "आणि मला उठवलं नाहीत?"

"तुझा डोळा लागला होता."

"एवढे दिवस जागी होते हो मी."

ती रडत रडत जेवली. वाढलेलं सगळं संपवलं.

मामी वाचली. गालांवर मांस आलं. प्रार्थनेला यश आलं, असं शेजारी म्हणतात. मामा नाताळला चर्चमध्ये गेला नाही. "त्याच्यासाठी वाढलेलं मी खाल्लं," म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने जाऊ?" दुकानात तो मुकाट्याने दाढ्या करतो. गिऱ्हाइकं विचारतात, बरं नाही का?

मामी सगळं विसरते, ही एक गोष्ट विसरत नाही. रोज जेवायला बसली की घास हातात धरून विचारते, "मी झोपले म्हणूनच तो थांबला नाही, ना?"

नाही म्हणावं, तर ती घास खाली ठेवून पुन्हा वाट बघत बसेल. म्हणून मामा हो म्हणतो. मग ती जेवते.